बंकम काउंटीचे दप्तर : जमिनीच्या दस्तांतून गुलाम बनवलेल्या माणसांपर्यंत कसे पोहोचावे

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बंकम काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जुने दस्त पाहायला बसणारे बहुतेक नवे अभ्यासक सुरुवातीलाच एक चूक करतात. ते गुलाम बनवलेल्या व्यक्तीचे नाव घेऊन दस्तांच्या अनुक्रमणिकेत शोधतात, नाव सापडत नाही, आणि ‘नोंद उपलब्ध नाही’ असा शेरा लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात नोंद बहुधा त्याच कपाटात असते. १८६५पूर्वीच्या कायद्याने या माणसांना व्यवहारातील पक्षकार न मानता मालमत्ता मानले होते. त्यामुळे अनुक्रमणिका लिहून देणाऱ्याच्या आणि लिहून घेणाऱ्याच्या नावाने लागलेली आहे, आणि ज्यांची खरेदी-विक्री झाली त्यांची नावे दस्ताच्या मजकुरात, बैल, नांगर आणि एकरांच्या ओळींमध्ये दडलेली आहेत. म्हणून शोध मालकाच्या आणि त्याच्या जमिनीच्या नावाने घ्यावा, आणि वही मात्र गुलाम बनवलेल्या व्यक्तीच्या नावाने ठेवावी. पुढील सर्व टप्पे याच तत्त्वावर उभे आहेत. ही पद्धत नॉर्थ कॅरोलायनातील इतर काउंट्यांनाही थोड्या फरकाने लागू पडते. अलाबामा किंवा मिसिसिपीत मात्र जमिनीची मोजणी आणि मूळ वाटप संघराज्य सरकारने चौकोनी गटांनुसार केले असल्याने तेथे जमीन नकाशावर बसवण्याचा पाचवा टप्पा बदलतो.

टप्पा १ : काउंटीची हद्द आणि काळ आधी निश्चित करा

बंकम काउंटी बर्क आणि रदरफर्ड या दोन काउंट्यांतून काढली गेली आणि १७९२मध्ये तिचा कारभार सुरू झाला. त्यानंतर तिच्या मूळ विस्तारातून १८०८मध्ये हेवूड, १८३३मध्ये यान्सी, १८३८मध्ये हेंडरसन आणि १८५१मध्ये मॅडिसन या काउंट्या पूर्णतः किंवा अंशतः तयार झाल्या. नवी काउंटी झाली म्हणून जुने दस्त तिकडे हलवले गेले नाहीत. ज्या दिवशी जी काउंटी होती, तिच्याच दप्तरात दस्त राहिला. आज हेंडरसन काउंटीत असलेल्या जमिनीचा १८३५चा दस्त शोधायचा असेल तर तो अ‍ॅशव्हिलला, म्हणजे बंकमच्या मुख्य ठिकाणी, पाहावा लागतो. १७९२पूर्वीच्या व्यवहारासाठी बर्क आणि रदरफर्डकडे जावे लागते.

कागद कोणत्या कार्यालयात आहेत, हेही निघण्यापूर्वी लिहून काढावे. दस्तांची पुस्तके काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्स कार्यालयात असतात. मृत्युपत्रांच्या मूळ प्रती, वारसांच्या वाटणीचे सुटे कागद आणि जुन्या काउंटी न्यायालयाचे दप्तर यांतील जे टिकले आहे, त्याचा मोठा भाग रॅली येथील राज्य अभिलेखागारात ठेवलेला आहे. १८६८पर्यंत हे न्यायालय ‘कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स’ या नावाने दर तीन महिन्यांनी बसत असे. त्या वर्षीच्या नव्या राज्यघटनेने ते बंद झाले आणि वारसाहक्काचे काम सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे गेले. त्यामुळे १८६७चा आणि १८६९चा कागद एकाच शीर्षकाखाली मिळेल असे गृहीत धरू नये.

तपासणी : वहीच्या पहिल्या पानावर शोधाची वर्षे, त्या वर्षांतील काउंटीचे नाव आणि कागद ठेवणारे कार्यालय, ही तिन्ही उत्तरे लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा २ : १८७०पासून मागे चला

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांची नावे संघराज्याच्या जनगणनेत प्रथम १८७०मध्ये येतात. म्हणून सुरुवात तेथून करावी आणि एकट्या व्यक्तीऐवजी तिच्या सभोवतालची वस्ती उतरवून घ्यावी. त्या घराच्या आधीची आणि नंतरची किमान दहा-दहा घरे, त्यांतील सर्व नावे, वये, जन्मराज्य आणि जमिनीची किंमत, हे सगळे लिहावे. शेजारी कोण गोरे जमीनदार आहेत, ही नोंद पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण मुक्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत अनेक कुटुंबे पूर्वीच्याच जमिनीवर किंवा तिच्या आसपास मजुरीने किंवा वाट्याने शेती करीत राहिली.

१८७०च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले नाही. तो रकाना १८८०मध्ये आला. एका घरात एक पुरुष, एक स्त्री आणि चार मुले दिसली म्हणून ती आई-वडील आणि मुले आहेत असे ठरवू नये. १८८०चे पान शेजारी ठेवून नाती पडताळावीत. १८९०च्या जनगणनेचे कागद १९२१च्या आगीनंतर जवळजवळ सगळेच नष्ट झाले, म्हणून १८८०नंतर एकदम १९०० गाठावे लागते.

सावधान : मुक्त झालेल्या व्यक्तीचे आडनाव म्हणजे तिच्या शेवटच्या मालकाचे आडनाव, हे समीकरण सर्वाधिक लोकांना चुकीच्या वाटेवर नेते. काहींनी आधीच्या मालकाचे आडनाव धरले, काहींनी वडिलांचे, आणि काहींनी स्वतः निवडलेले. आडनाव हा केवळ एक धागा समजावा.

टप्पा ३ : संभाव्य मालकांची यादी करा

१८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी यादी केली गेली, जिला स्लेव्ह शेड्यूल म्हणतात. तिच्यात मालकाचे नाव आहे. त्याखाली माणसे आहेत ती केवळ वय, लिंग आणि त्वचेचा रंग एवढ्यावर. नावे जवळजवळ कुठेच नाहीत. १८६०च्या यादीत गुलामांच्या घरांची संख्याही दिली आहे. दोन्ही जनगणनांचा अधिकृत दिनांक १ जून होता, आणि वयांची तुलना करताना तो लक्षात ठेवावा.

दुसऱ्या टप्प्यात उतरवलेल्या शेजाऱ्यांपैकी ज्यांची नावे १८६०च्या या यादीत सापडतात, ते संभाव्य मालक होत. या टप्प्यावर फक्त संभाव्य. १८७०मध्ये ४० वर्षांची असलेली स्त्री आणि १८६०मध्ये एका मालकाखाली दिसणारी ३० वर्षांची निनावी स्त्री एकच आहे, असे केवळ वय जुळले म्हणून मानणे हा अंदाज झाला. वये अदमासे, पुष्कळदा पाच किंवा दहाच्या पटीत लिहिली जात. शिवाय यादीतील नाव खऱ्या मालकाऐवजी अज्ञान (अल्पवयीन) वारसाच्या पालकाचे, विश्वस्ताचे किंवा त्या वर्षी माणसे भाड्याने घेणाऱ्याचेही असू शकते.

त्याच सुमारास केलेली मृतांची यादी पाहायला अनेक जण विसरतात. १ जूनपूर्वीच्या बारा महिन्यांत मरण पावलेल्यांची ती यादी आहे आणि तिच्यात गुलाम बनवलेल्या काही व्यक्तींची नावेही येतात.

काउंटीच्या कर-याद्या सापडल्या तर त्या वर्षानुवर्षे ओळीने वाचाव्यात. त्यांतील आकडा म्हणजे मालकाकडील एकूण माणसे नव्हेत. नॉर्थ कॅरोलायनात डोईपट्टी १२ ते ५० वर्षे वयाच्या गुलामांवर लावली जात असे, म्हणून लहान मुले आणि वृद्ध त्या आकड्यात नाहीत. एका वर्षी आकडा तीनवरून पाचवर गेला तर खरेदी झाली असेल, वारशाने माणसे आली असतील किंवा दोन मुलांनी बारावे वर्ष ओलांडले असेल. या तिन्ही शक्यता वहीत लिहाव्यात आणि दस्त सापडेपर्यंत उघड्या ठेवाव्यात.

टप्पा ४ : दस्तांची अनुक्रमणिका आणि दस्ताचे वाचन

बंकमच्या रजिस्टर ऑफ डीड्स कार्यालयाने गुलामांच्या व्यवहारांचे दस्त वेगळे काढून त्यांची यादी संकेतस्थळावर ठेवली आहे. ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने राज्यभरच्या अशा दस्तांचा ‘पीपल नॉट प्रॉपर्टी’ हा प्रकल्प चालवला असून तेथे गुलाम बनवलेल्या व्यक्तीच्या नावानेही शोध घेता येतो. सुरुवात येथून अवश्य करावी, परंतु येथे थांबू नये. अशा याद्या माणसांनी पाने वाचून केलेल्या असतात. जमिनीच्या लांबलचक गहाणखतात तिसऱ्या ओळीत आलेले एक नाव त्यांतून निसटू शकते, आणि मृत्युपत्रे व वाटणीचे कागद हे दप्तरच वेगळे आहे.

म्हणून संभाव्य मालकांपैकी प्रत्येकाचे नाव लिहून देणार आणि लिहून घेणार अशा दोन्ही अनुक्रमणिकांत पाहावे, आणि शीर्षक ‘जमीन’ असले तरी दस्त उघडावा. गुलामांचे दस्त जमिनीच्या दस्तांच्याच पुस्तकांत, पुढे-मागे उतरवलेले आहेत. पुढील चार प्रकार विशेष लक्ष देऊन वाचावेत.

पहिला प्रकार खरेदीखताचा. ते बहुधा अर्ध्या पानाचे असते आणि त्यात नाव, वय व किंमत मिळते. अनेक विक्र्यांची नोंदणी झालीच नाही, म्हणून खरेदीखत नसणे हा विक्री न झाल्याचा पुरावा होत नाही.

दुसरा बक्षीसपत्राचा. मुलीच्या लग्नात किंवा नातवाच्या नावे माणसे लिहून दिली जात. यातून व्यक्ती एका आडनावाच्या घरातून दुसऱ्या आडनावाच्या घरात जाते आणि शोध येथेच तुटतो, म्हणून मालकाच्या मुली आणि जावई यांची यादी आधीच करून ठेवावी.

तिसरा विश्वस्तामार्फत केलेल्या गहाणाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. कर्जदार आपली जमीन, जनावरे आणि माणसे तिसऱ्या व्यक्तीच्या नावे लिहून देतो आणि कर्ज फिटले नाही तर त्या विश्वस्ताने विक्री करायची असते. येथे अनेकदा घरातील सर्व माणसांची नावे एकत्र मिळतात, कारण सावकाराला तारणाची पूर्ण यादी हवी असे. परंतु हा दस्त झाला म्हणून माणसे हलली असे होत नाही. कर्ज फिटले की ती तेथेच राहिली. विक्रीचा पुढील दस्त सापडेपर्यंत ठिकाण बदलल्याची नोंद करू नये.

चौथा प्रकार न्यायालयीन वसुलीसाठी शेरीफने, म्हणजे काउंटीच्या अंमलबजावणी अधिकाऱ्याने, केलेल्या विक्रीचा. येथे लिहून देणार म्हणून शेरीफचे नाव लागते, मूळ मालकाचे लागेलच असे नाही. ज्या मालकावर कर्ज दिसते, त्याच्या बाबतीत त्या वर्षांतील शेरीफचे नाव शोधून त्या नावाखालीही पाहावे.

प्रत्येक दस्तावर दोन दिनांक असतात, एक करून दिल्याचा आणि एक नोंदणीचा. त्यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. घटना पहिल्या दिनांकाची, परंतु पुस्तकातील जागा दुसऱ्या दिनांकाची. १८४२चा व्यवहार १८४२च्या पुस्तकात नसेल तर पुढची पुस्तके पाहावीत. पुस्तकातील मजकूर ही क्लार्कने केलेली नक्कल असते, मूळ दस्त नव्हे, आणि खालची सहीसुद्धा क्लार्कच्याच हातची असते. नक्कल करताना नावे चुकतात.

हस्ताक्षर वाचताना काही खुणा आधीच शिकून घ्याव्यात. दोन ‘एस’ एकापाठोपाठ आले की पहिला लांब ‘एफ’सारखा दिसतो. ‘जे-एन-ओ’ हे जॉनचे संक्षिप्त रूप आहे, जोनाथनचे नव्हे. ‘जे-ए-एस’ म्हणजे जेम्स. यादीत वरच्याप्रमाणेच असे सांगायला ‘डी-ओ’ ही अक्षरे येतात, आणि ती कोणाचे नाव म्हणून उतरवल्याची उदाहरणे आहेत.

सावधान : एकाच घराण्यात तीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. अ‍ॅशव्हिलमध्ये जेम्स पॅटन नावाचा व्यापारी होता आणि त्याचा मुलगा जेम्स वॉशिंग्टन पॅटन. नुसते ‘जेम्स पॅटन’ वाचून दस्त कोणाचा हे ठरवल्यास दोन घरांतील माणसे एकमेकांत मिसळतील. पत्नीचे नाव, साक्षीदार आणि ओढ्याचे नाव जुळले तरच व्यक्ती निश्चित करावी.

टप्पा ५ : जमीन नकाशावर बसवा

हा टप्पा अनेक जण कंटाळून सोडतात, आणि त्यामुळे माणसे नेमकी कोठे राहिली हे कधीच कळत नाही. या भागातील जमिनीला गट क्रमांक नाही. दस्तात चतुःसीमा येते ती झाडे, ओढे, शेजाऱ्याचा कोपरा, दिशा आणि अंतर यांच्या रूपात, आणि अंतर बहुधा ‘पोल’मध्ये असते. १ पोल म्हणजे १६.५ फूट, ४ पोल म्हणजे ६६ फुटांची १ साखळी आणि १६० चौरस पोल म्हणजे १ एकर. मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये, कारण आपला ३३ फूट बाजूचा गुंठाही ६६ फुटांच्या साखळीच्या निम्म्यावरच बसलेला आहे, आणि १ गुंठा म्हणजे बरोबर ४ चौरस पोल होतात.

काम या क्रमाने करावे. प्रथम दस्तातील दिशा आणि अंतरांची ओळीने यादी करावी. मग आलेख-कागदावर किंवा संगणकावर आकृती काढून ती बंद होते का पाहावे. मग क्षेत्रफळ दस्तातील एकरांशी ताडून पाहावे. उदाहरणार्थ, १०० पोल लांब आणि ८० पोल रुंद आयत ८,००० चौरस पोल म्हणजे ५० एकर झाला पाहिजे. आकृती बंद होत नसेल तर बहुतेक वेळा नक्कल करताना एक ओळ सुटलेली असते किंवा पूर्व-पश्चिम उलटे लिहिलेले असते, म्हणून त्याच जमिनीचा आधीचा किंवा नंतरचा दस्त शोधून ती ओळ दुरुस्त करावी. जुन्या मोजणीतील उत्तर दिशा होकायंत्राची आहे आणि ती काळानुसार सरकते, त्यामुळे आजच्या नकाशावर आकृती थोडी फिरवून बसवावी लागते.

त्यानंतर मालकी-साखळी मागे नेत राज्याने दिलेल्या मूळ सनदेपर्यंत जावे. नॉर्थ कॅरोलायनात मोकळी जमीन राज्य सरकार देत असे. आधी मागणीची नोंद, मग मोजणीचा हुकूम, मग मोजणी आणि शेवटी सनद असा क्रम होता, आणि मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावे येतात. सनद मिळालेल्या जमिनींचे ओढे आणि शेजारी एकदा ठरले की पुढच्या काळातील ‘त्याच ओढ्यावरची जमीन’ हे मोघम शब्दही जागेवर बसू लागतात.

तपासणी : टप्पा २मधील १८७०चे शेजारी आणि या नकाशावरील १८६०च्या सुमाराचे शेजारी यांच्यात काही नावे समान आली पाहिजेत. एकही समान नसेल तर मालक चुकीचा निवडला आहे किंवा कुटुंब हलले आहे. दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ६ : मृत्युपत्र, मालमत्तेची यादी आणि वाटणी

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. मालक मेला की त्याच्या मालमत्तेतील माणसांची नावे लिहावीच लागत, म्हणून गुलाम बनवलेल्या कुटुंबांविषयी सर्वांत सलग माहिती या कागदांत असते, आणि बहुतेक कुटुंबे याच क्षणी फोडली गेली. कागद वाचताना जड जाते; पुढे काय येणार हे ठाऊक असूनही किमतीच्या रकान्यात तान्ह्या मुलाचा आकडा पाहणे सोपे नसते. तरीही यादी अर्धवट उतरवू नये.

नवशिके मृत्युपत्र वाचून थांबतात. मृत्युपत्रात इच्छा असते; काय घडले ते पुढच्या कागदांत असते. म्हणून हा क्रम पाळावा : मृत्युपत्र, मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी, लिलावाचा हिशेब, वारसांतील वाटणी, आणि अज्ञान वारस असल्यास पालकाचे वार्षिक हिशेब. मृत्युपत्र न करता मेलेल्याचे कागद पुष्कळदा अधिक तपशिलाचे असतात, कारण तेथे न्यायालयाने नेमलेल्या माणसांना समान वाटे पाडावे लागत. प्रत्येक वाट्यात कोणती माणसे आली, त्यांची किंमत किती धरली आणि वाटे सारखे करण्यासाठी कोणी कोणाला किती रक्कम द्यायची, हे सारे तेथे लिहिलेले असते.

पालकाच्या हिशेबांत दर वर्षी कोणाला कोणाकडे भाड्याने दिले, हे नावानिशी सापडते. भाड्याचे करार साधारणतः नववर्षाच्या सुमारास होत. एकच व्यक्ती सलग पाच वर्षे पाच वेगळ्या घरी दिसली तर ती पाच वेळा विकली गेली असे नाही. ती भाड्याने फिरवली गेली.

विधवेचा हिस्सा वेगळा तपासावा. तिला जमिनीचा एक-तृतीयांश भाग हयातीपुरता मिळे, आणि काही मृत्युपत्रांत माणसेही तिला हयातीपुरतीच दिलेली असतात. ती वारल्यावर त्यांची दुसरी वाटणी होते, आणि ती पहिल्या कागदांनंतर वीस-तीस वर्षांनी, कदाचित तिच्या दुसऱ्या पतीच्या आडनावाखाली सापडते.

नाती ठरवताना कायद्याची एक गोष्ट विसरू नये. मुलाची स्थिती आईवरून ठरत असल्याने यादीत आई आणि लहान मुले एकत्र येतात, आणि वडील अनेकदा दुसऱ्याच मालकाकडे असतात. यादीत वडील नाहीत म्हणून कुटुंबात वडील नव्हते असा अर्थ काढणे चूक आहे. ‘तिची संतती’ असे शब्द दस्तात आले की त्यानंतर जन्मलेल्या मुलांचाही त्यात समावेश होतो. त्यांची नावे पुढील यादीत शोधावीत.

तपासणी : मालमत्तेच्या यादीतील प्रत्येक नाव वाटणीत किंवा लिलावाच्या हिशेबात सापडते का, हे एकेक करून पाहावे. जे सापडत नाही त्याच्यापुढे ‘मृत्यू, विक्री किंवा पलायन, अनिश्चित’ असे लिहावे आणि त्या काळातील वृत्तपत्रे पाहावीत. अ‍ॅशव्हिलला १८४०पासून ‘हायलँड मेसेंजर’ निघत होते. पळून गेलेल्यांच्या जाहिराती ग्रीन्सबरो विद्यापीठाच्या संग्रहात शोधता येतात.

टप्पा ७ : मुक्तीनंतरच्या कागदांनी साखळी जोडा

आतापर्यंत हाती आलेली नावे बहुधा आडनावाशिवाय आहेत. त्यांना १८७०च्या पूर्ण नावांशी जोडणारे कागद १८६५ ते १८७०मध्ये मिळतात. मार्च १८६६च्या राज्य कायद्यानुसार गुलामगिरीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी अधिकाऱ्यापुढे जाऊन ते नाते नोंदवायचे होते. त्यासाठी २५ सेंट शुल्क होते. या नोंदींत दोघांची नावे आणि किती वर्षांपासून एकत्र आहेत हे येते. त्या सर्व काउंट्यांत टिकलेल्या नाहीत, म्हणून शेजारच्या काउंटीतही पाहाव्यात.

फ्रीडमन्स ब्युरो हे संघराज्याचे खाते मार्च १८६५मध्ये स्थापन झाले आणि अ‍ॅशव्हिललाही त्याचा अधिकारी होता. मजुरीचे करार, मुलांना उमेदवारीत (काम शिकण्याच्या करारात) बांधून ठेवल्याच्या तक्रारी आणि मारहाणीच्या फिर्यादी त्याच्या कागदांत आहेत. हे कागद ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. करार वाचताना पूर्वीचा मालक आणि त्याच जमिनीवर राबणारी माणसे एका कागदावर आली, तर तो टप्पा ३मधील अंदाजाला मिळालेला पहिला भक्कम आधार समजावा. यानंतर पुन्हा रजिस्टर ऑफ डीड्सच्या अनुक्रमणिकेकडे यावे. या वेळी मुक्त झालेल्या व्यक्तींच्याच नावाने. आता त्या लिहून घेणार म्हणून दिसू लागतात, आणि चर्च किंवा शाळेसाठी घेतलेल्या जमिनीच्या दस्तांत विश्वस्त म्हणून अनेकांची नावे एकत्र येतात.

टप्पा ८ : नोंद ठेवणे आणि देणे

प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र पान ठेवावे. त्यावर नाव जसे लिहिले तसे, वय, दिनांक, मालक, कागदाचा प्रकार, पुस्तक आणि पृष्ठ ही माहिती लिहावी, आणि शेवटी निष्कर्ष ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ की ‘अंदाज’ हे स्पष्ट शब्दांत नोंदवावे. नक्कल करताना मूळ मजकुरातील अपमानास्पद शब्दही बदलू नयेत, कारण पुढचा अभ्यासक तेच शब्द शोधणार आहे; आपल्या स्वतःच्या वाक्यांत मात्र ‘गुलाम बनवलेली व्यक्ती’ असे लिहावे. कागदाचे छायाचित्र घेताना पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि पृष्ठ क्रमांक असलेले छायाचित्र आधी घ्यावे, नाहीतर घरी आल्यावर कोणते पान कोठले हे सांगता येत नाही. अभिलेखागारात पेनऐवजी पेन्सिल चालते. छायाचित्रांचे आणि ओळखपत्राचे नियम जाण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

वंशजांना कागद द्यायचे असतील तर पूर्ण दस्ताची प्रत द्यावी, केवळ आपला निष्कर्ष देऊ नये. आणि किमतीचे आकडे त्यात आहेत हे आधी सांगावे. हयात असलेल्या व्यक्तींची नावे आणि पत्ते सार्वजनिक वंशवृक्षात घालू नयेत. एखादा दस्त संकेतस्थळावरील यादीतून सुटलेला आढळला, तर पुस्तक आणि पृष्ठ क्रमांकासह तो रजिस्टर ऑफ डीड्स कार्यालयाला आणि विद्यापीठाच्या प्रकल्पाला लेखी कळवावा, म्हणजे त्या दस्तातील माणसांचा पुढच्या वेळी त्यांच्या स्वतःच्या नावाने शोध घेता येईल.